1,500 खाटा, 672 बिऱ्हाडं आणि दिवाळखोरीची रांग

मुंबई महानगरपालिकेचा 2019-20 सालचा अर्थसंकल्प होता सुमारे 30,692 कोटी रुपयांचा. म्हणजे दिवसाला 84 कोटी, तासाला साडेतीन कोटी. अंधेरी पूर्वेला, मरोळमध्ये, याच महापालिकेची एक मोठी जमीन आहे. ती रुग्णालयासाठी एका खासगी कंपनीला द्यायची ठरली तेव्हा वर्षाचं भाडं ठरलं सुमारे 10 कोटी 41 लाख. पालिकेच्या हिशेबात हा तीन तासांचा खर्च. इतक्या रकमेवाचून पालिकेचं काहीच अडत नव्हतं. तरीही त्या जमिनीसाठी महापालिका 2019 साली सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेली आणि जिंकली. ही लढाई भाड्यापेक्षा फार मोठ्या गोष्टीसाठी होती. अर्धवट प्रकल्प टाकून विकासक बुडाला, तर शहराच्या जमिनीचं पुढे काय करायचं हे कुणी ठरवायचं? बँकांनी की शहराने?

करार झाला 20 डिसेंबर 2005 रोजी, सेव्हनहिल्स हेल्थकेअर या कंपनीबरोबर. जमीन पालिकेची, बांधकाम कंपनीचं, आणि उभं राहायचं होतं 1,500 खाटांचं रुग्णालय. काम पूर्ण झाल्यावरच 30 वर्षांचा भाडेपट्टा करून मिळणार होता. बदल्यात 20 टक्के खाटा, म्हणजे 300, पालिकेच्या रुग्णांसाठी राखून ठेवायच्या होत्या.

ज्यांनी कुणी आपल्या माणसाला घेऊन सायन किंवा नायर रुग्णालयात रात्र काढली आहे, त्यांना 300 खाटा म्हणजे काय हे सांगावं लागत नाही. दोन खाटांच्या मध्ये गादी टाकून तिसरा रुग्ण, आणि त्याच्या पायाशी, वर्तमानपत्रावर, त्याचा नातेवाईक. आता गुणाकार करू. 300 खाटा, वर्षाचे 365 दिवस: 1,09,500 दिवस. एक रुग्ण सरासरी सहा दिवस राहतो असं धरलं, तर वर्षाला 18,250 रुग्ण. भाडेपट्ट्याच्या 30 वर्षांत साडेपाच लाखांच्या जवळ. करारातल्या एका ओळीत एवढी माणसं होती. जमिनीचं खरं भाडं हे होतं. ते 10 कोटी 41 लाख त्याच्यापुढे काहीच नाहीत.

रुग्णालयाचा काही भाग सुरू झाला. पण 2013 ची मुदत टळून गेली तरी पूर्ण प्रकल्प काही उभा राहिला नाही. कंपनीने बँकांकडून मोठी कर्जं उचलली होती आणि ती थकत गेली. जानेवारी 2018 मध्ये पालिकेने करार रद्द का करू नये अशी नोटीस काढली. दोनेक महिन्यांत, मार्च 2018 मध्ये, एका बँकेच्या अर्जावरून कंपनी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. हैदराबादच्या राष्ट्रीय कंपनी कायदा न्यायाधिकरणात प्रकरण दाखल झालं आणि मरोळच्या जमिनीचं भवितव्य तिथे ठरायला लागलं.

ही प्रक्रिया कशी चालते ते थोडं उलगडायला हवं, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. 2016 च्या नादारी व दिवाळखोरी संहितेप्रमाणे कंपनीचा कारभार संचालकांच्या हातून काढून एका व्यावसायिकाकडे दिला जातो. कर्ज देणाऱ्यांची समिती बसते. कंपनी कुणाला विकायची, कुणाचे किती पैसे सोडून द्यायचे, हे समिती 66 टक्के मतांनी ठरवते. मत कुणाला? ज्यांनी कर्ज दिलं त्यांना: बँकांना, आणि 2018 पासून घरासाठी पैसे भरलेल्या ग्राहकांनाही. ज्याची जमीन आहे त्याला, केवळ जमीन त्याची आहे म्हणून, मत नाही. पैसे वाटायची वेळ आली तर सरकारी देणी सर्वसाधारणपणे तारण घेतलेल्या बँकांच्या मागे उभी राहतात. आणि प्रक्रिया चालू असेपर्यंत सगळ्या वसुल्या, जप्त्या, दावे गोठवले जातात. याला स्थगितीचा काळ म्हणतात.

सेव्हनहिल्ससाठी खरेदीदार पुढे आला: बी. आर. शेट्टी यांची अबू धाबीची वैद्यकीय कंपनी. समितीने योजना मंजूर केली, न्यायाधिकरणाने शिक्कामोर्तब केलं. पालिकेची जमीन त्या योजनेत गृहीत धरलेली होती. पालिकेचं म्हणणं साधं होतं: आम्ही या योजनेला होकार दिलेला नाही, आणि जो भाडेपट्टा अजून झालेलाच नाही त्याच्या भरवशावर आमची जमीन तुम्ही तिसऱ्याला देऊ शकत नाही. अपिलात ते ऐकलं गेलं नाही. 15 नोव्हेंबर 2019 रोजी सर्वोच्च न्यायालयाने ते ऐकलं.

निकालाचा गाभा 1888 सालच्या मुंबई महानगरपालिका कायद्यात आहे. पालिकेची मालमत्ता विकायची किंवा भाडेपट्ट्याने द्यायची तर आयुक्तांना सभागृहाची मंजुरी लागते. प्रस्ताव सुधार समितीपुढे येतो, तिथून सभागृहात जातो, नगरसेवक त्यावर बोलतात, विरोध करतात, कधी परत पाठवतात. हा सगळा वेळखाऊ, कटकटीचा प्रवास ब्रिटिशांच्या काळात लिहिला गेला आणि 131 वर्षांनी तोच कामी आला. दिवाळखोरीचा नवा कायदा इतर कायद्यांवर मात करतो असं त्यात लिहिलेलं आहे, पण न्यायालयाने सांगितलं की सार्वजनिक मालमत्तेवर नियंत्रण ठेवण्याच्या पालिकेच्या अधिकारावर तो मात करू शकत नाही. योजना रद्द झाली.

त्यानंतर जे घडलं ते पाहून आजही अंगावर काटा येतो. निकालानंतर महिन्याभराने, डिसेंबर 2019 मध्ये, शेट्टी यांनीच स्थापन केलेल्या आणि लंडनच्या शेअर बाजारात नोंदलेल्या एनएमसी हेल्थच्या हिशेबांवर एका अमेरिकी गुंतवणूक संस्थेने जाहीर शंका घेतली. कंपनीने तोवर दाखवलेलं कर्ज होतं 210 कोटी डॉलर. मार्च 2020 मध्ये खरा आकडा बाहेर आला: 660 कोटी डॉलर. एप्रिलमध्ये इंग्लंडच्या न्यायालयाने कंपनीवर प्रशासक नेमले. तेव्हाच्या दराने हे कर्ज साडेएकोणपन्नास हजार कोटी रुपयांच्या आसपास जातं, म्हणजे मुंबई महापालिकेच्या त्या वर्षीच्या अख्ख्या अर्थसंकल्पाच्या दीडपटीहून जास्त. एका कोसळलेल्या कंपनीकडून काढून ज्यांच्या हाती मरोळचं रुग्णालय जाणार होतं, त्यांचाच समूह पाच महिन्यांत त्याहून कितीतरी मोठ्या खड्ड्यात गेला.

आणि त्याच मार्चमध्ये करोना आला. ही इमारत मुंबईत होती, पालिकेच्या ताब्यात घेता येण्यासारखी होती. रिलायन्स फाउंडेशनच्या मदतीने पालिकेने तिथे दोन आठवड्यांत करोना रुग्णांसाठी 100 खाटांचा स्वतंत्र कक्ष उभा केला आणि नंतर तो वाढवत नेला. निकाल वेगळा लागला असता तर ही इमारत त्या आठवड्यांत कुणाच्या कुलुपात असती, हा प्रश्न मला महत्त्वाचा वाटतो. निकाल देताना न्यायाधीशांना साथ येणार हे ठाऊक नव्हतं. पण सार्वजनिक जमीन सार्वजनिक का राहायला हवी याचं यापेक्षा ठळक उदाहरण मला तरी माहीत नाही.

आता मरोळहून सरळ रेषेत जेमतेम सहा किलोमीटर वायव्येला जाऊ. गोरेगाव पश्चिमेचं सिद्धार्थ नगर, लोकांच्या तोंडी पत्रा चाळ. इथे जमीन म्हाडाची. म्हाडा म्हणजे महापालिका नव्हे, राज्य सरकारचं गृहनिर्माण प्राधिकरण, पण मुंबईत घर नसलेल्या माणसाला ते पालिकेइतकंच जवळचं सरकार आहे. इथल्या 672 भाडेकरूंची सहकारी संस्था, म्हाडा आणि गुरू आशिष कन्स्ट्रक्शन ही कंपनी यांच्यात 10 एप्रिल 2008 रोजी त्रिपक्षीय करार झाला. गुरू आशिष ही एचडीआयएल या बड्या बिल्डर समूहाची कंपनी. जमीन सुमारे 47 एकर. आधी 672 कुटुंबांची घरं, म्हाडाचा वाटा, आणि उरलेलं बिल्डरने विकायचं.

सक्तवसुली संचालनालयाचा आरोप असा की पुनर्वसनाची एकही खोली न बांधता कंपनीने चटईक्षेत्र, म्हणजे बांधकामाचा हक्क, नऊ बिल्डरांना 901.79 कोटींना विकलं, आणि स्वतःच्या प्रकल्पातल्या घरांपोटी ग्राहकांकडून आणखी 138 कोटी गोळा केले. बेरीज 1,039.79 कोटी. 672 ने भागा: दर कुटुंबामागे 1 कोटी 54 लाखांहून अधिक. ज्यांची घरं पाडून ही जमीन मोकळी झाली त्यांच्या नावावर, एका अर्थाने, एवढी रक्कम फिरली असा हा आरोप आहे. त्यातून त्यांना मिळायचं होतं ते फक्त एक घर.

मिळालं काय, तर भाड्याची खोली. मुंबईत भाडेकरार सहसा अकरा महिन्यांचा असतो. अकरा महिने झाले की मालक एकतर भाडं वाढवतो किंवा खोली मागतो. मग पुन्हा एजंट, त्याची दलाली, नवं डिपॉझिट, करारनामा, पोलिसांकडची नोंद, गॅसचा पत्ता, मुलांच्या शाळेचा रस्ता. एका कुटुंबाला हे एकदा करताना पुरेवाट होते. करार 2008 चा. प्रत्येक घर रिकामं झाल्याची तारीख वेगळी, म्हणून हात राखून 15 वर्षंच धरू. 180 महिने भागिले अकरा, म्हणजे सोळा भाडेकरार. 672 कुटुंबं गुणिले सोळा: 10,752. जवळजवळ अकरा हजार करारनामे, आणि तितक्याच वेळा आईने भांडी पोत्यात भरलेली. बिल्डरने काही वर्षं दिलेलं भाडंही पुढे थांबलं. महिना 20,000 रुपये धरले, आणि गोरेगावात याहून कमी कुठे मिळत असेल तर त्या खोलीला खिडकी नसते, तर 672 कुटुंबांचं एका वर्षाचं भाडं 16 कोटींच्या वर जातं. दहा वर्षांत 161 कोटी. हे पैसे कुठल्याही न्यायाधिकरणापुढच्या दाव्यांच्या यादीत ठळकपणे दिसत नाहीत. ते मुलीच्या कॉलेजच्या फीमधून, बापाच्या प्रॉव्हिडंट फंडातून, कुणाच्या मंगळसूत्रातून आलेले असतात.

कंपनीचं पुढे काय झालं? युनियन बँकेच्या अर्जावरून 24 जुलै 2017 रोजी ती दिवाळखोरीत गेली आणि स्थगितीचा काळ सुरू झाला. म्हाडाने करार संपवून जमीन परत घेण्याची नोटीस काढली 12 जानेवारी 2018 रोजी. मध्ये 172 दिवस गेले होते. म्हाडाचं म्हणणं मरोळसारखंच: जमीन आमची, बिल्डरला फक्त बांधकामासाठी आत येऊ दिलं होतं. 19 फेब्रुवारी 2020 रोजी सर्वोच्च न्यायालयाने म्हाडाच्या विरोधात निकाल दिला. जमीन प्रत्यक्षात विकासकाच्या ताब्यात आहे, आणि स्थगितीच्या काळात कुणीही मालक, सरकारी असला तरी, असा ताबा काढून घेऊ शकत नाही.

दोन निकालांमध्ये फक्त 96 दिवसांचं अंतर. वरवर पाहता एकाच न्यायालयाने एकाच शहराच्या सार्वजनिक जमिनीबद्दल उलटसुलट सांगितलं. नीट वाचलं तर तसं नाही. मरोळमध्ये प्रश्न होता जमीन दुसऱ्याच्या हाती देण्याचा; तिथे मालकाच्या होकाराशिवाय पान हलणार नाही, असं न्यायालय म्हणालं. गोरेगावात प्रश्न होता स्थगिती चालू असताना जमीन परत ओढून घेण्याचा. तिथे थांबा, असं न्यायालय म्हणालं. म्हणजे सार्वजनिक मालकाच्या हाती नकाराधिकार आहे, पण तो वेळेवर जागा झाला नाही तर ताबा मिळवण्यासाठी त्यालाही सगळ्यांसारखं ताटकळत राहावं लागतं.

एचडीआयएलचा विषय निघाला आहे तर एक आकडा सांगितल्याशिवाय पुढे जाता येत नाही. सप्टेंबर 2019 मध्ये रिझर्व्ह बँकेने पीएमसी बँकेवर निर्बंध आणले आणि खातेदारांना सुरुवातीला फक्त 1,000 रुपये काढता येतील असं जाहीर झालं. बँकेने एचडीआयएल समूहाला दिलेलं कर्ज 6,500 कोटींच्या वर होतं, एकूण कर्जवाटपाच्या सुमारे 73 टक्के, आणि ते झाकण्यासाठी 21,049 बनावट खाती दाखवली गेली, असं पोलिसांत दाखल झालेल्या तक्रारीत म्हटलं होतं. एका खात्याची नोंद करायला दहा मिनिटं धरली आणि एका माणसाने रोज आठ तास हेच काम केलं, तर त्याला 438 दिवस लागतील. सुट्टी न घेता. शहराने ज्याच्याशी करार केला त्या समूहाच्या आर्थिक तब्येतीची ही स्थिती असताना शहराचं कुठलंच खातं त्याची नाडी तपासत नव्हतं, याचा मला राग येतो. अठरा कागद लावल्याशिवाय गाळ्याचा परवाना न देणारी आपली कार्यालयं 47 एकरांच्या बाबतीत वर्षाकाठी एक ताळेबंद मागू शकली नाहीत.

मुंबई एकटी नाही. दिल्लीशेजारच्या नोएडात अख्खं शहर प्राधिकरणाने वसवलं. बिल्डरांना किमतीच्या 10 टक्के रक्कम आधी घेऊन जमिनी दिल्या, बाकीची हप्त्यांनी. हप्ते आले नाहीत, इमारती उभ्या राहत गेल्या, पैसे दुसरीकडे वळत गेले. आम्रपाली समूहाच्या प्रकल्पांत 42,000 च्या आसपास कुटुंबं अडकली. जुलै 2019 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने समूहाची नोंदणी रद्द केली, अपुरी घरं सरकारी बांधकाम कंपनीकडे सोपवली आणि प्राधिकरणांवर व बँकांवर कठोर ताशेरे ओढले. जमीन देणारा, नकाशे मंजूर करणारा आणि पैसे येणे असलेला, तिन्ही एकच. आणि तिन्ही भूमिकांत तो गप्प राहिला, असा त्या निकालाचा रोख होता. पुढे 2022 मध्ये त्याच न्यायालयाने हेही ठरवलं की भाडेपट्ट्याने जमीन देणाऱ्या नोएडा प्राधिकरणाला बँकांसारखं कर्ज देणाऱ्यांच्या समितीत बसता येणार नाही. म्हणजे हजारो कोटींची येणी असूनही मत नाही.

देशभराचा आकडा आहे अमिताभ कांत समितीच्या 2023 च्या अहवालात: रखडलेली घरं सुमारे 4 लाख 12 हजार, त्यांची किंमत 4 लाख 8 हजार कोटी रुपये. त्यातली 2 लाख 40 हजार घरं एकट्या दिल्ली परिसरातली. एका घरात चार माणसं धरली तर साडेसोळा लाख माणसं होतात. 2011 च्या जनगणनेत अख्ख्या नाशिक शहराची लोकसंख्या 14 लाख 86 हजार होती. नाशिकपेक्षा मोठं एक शहर कागदावर विकलं गेलं आहे, त्याचे हप्ते भरले जात आहेत, आणि त्यात राहायला कुणी गेलेलं नाही.

इतके मोठे आकडे समोर आले की मन बधिर होतं आणि सगळा दोष दिवाळखोरीच्या कायद्यावर टाकून मोकळं व्हावंसं वाटतं. कायद्याने सगळं 330 दिवसांत उरकायचं सांगितलं आहे आणि ते उरकत नाही, हे खरंच आहे. पण माझ्या मते पत्रा चाळीचं आणि सेव्हनहिल्सचं नुकसान न्यायाधिकरणात झालं नाही. ते त्याआधी झालं, जेव्हा कुणीही नोटीस काढत नव्हतं तेव्हा. मरोळची मुदत टळली 2013 मध्ये आणि नोटीस निघाली 2018 मध्ये. चार वर्षांचा उशीर धरला तरी करारातल्या त्या 300 खाटांचे 4,38,000 दिवस भरतात. सहा दिवसांच्या हिशेबाने 73,000 रुग्ण. काही खाटा तेव्हा चालू होत्या हे मान्य करूनही हा हक्काचा आकडा आहे आणि तो कुणी मोजला नाही. गोरेगावात करार झाल्यापासून नोटीस निघेपर्यंत पावणेदहा वर्षं गेली, आणि ती निघाली तेव्हा दार आधीच बंद झालं होतं. त्या 172 दिवसांच्या आधी निघाली असती तर जमीन परत मिळण्याची लढाई वेगळ्या मैदानावर झाली असती.

म्हणून शहर सरकारांकडे मागायचं ते दिवाळखोरीनंतरचं शौर्य नव्हे. सार्वजनिक जमिनीवरच्या प्रत्येक कराराची मुदत, झालेलं काम, थकलेलं भाडं आणि विकासकाचं एकूण कर्ज, हे चार आकडे दर सहा महिन्यांनी सभागृहापुढे यावेत आणि संकेतस्थळावर लागावेत. जमिनीच्या मालकाला हे आकडे मागण्याचा अधिकार करारात लिहून घेता येतो. त्यासाठी नवा कायदा लागत नाही. पुनर्वसनाची घरं पूर्ण झाल्याशिवाय विक्रीच्या चटईक्षेत्राचा एक फूटही दुसऱ्याच्या नावावर जाऊ नये, आणि गेला तर परवानगी देणाऱ्या अधिकाऱ्याचं नाव त्याच नोंदीत असावं.

पत्रा चाळीचं काम शेवटी राज्य सरकारच्या निर्णयाने म्हाडाने स्वतःच्या हाती घेतलं. फेब्रुवारी 2022 मध्ये ते नव्याने सुरू झालं, आणि 2025 मध्ये पुनर्वसनाच्या घरांची सोडत निघाली. काम सुरू झाल्यापासून सोडतीपर्यंत लागली सुमारे तीन वर्षं. कराराच्या तारखेपासून लागली सतरा.